पाण्याची भीती अंगातून कशी जाते

पाण्याची जुनी भीती असलेलं मोठं माणूस पोहायला शिकायला आलं, तर पहिल्या दिवशी त्याला हात-पाय कसे मारायचे हे दाखवू नये. आधी त्याला पाण्यात श्वास सोडता यावा, मग पाण्यावर पडून राहता यावं, आणि तिथून पुन्हा स्वतःच्या पायांवर उभं राहता यावं. एवढं जमलं की पुढचं पोहणं निव्वळ सरावाचं काम उरतं. ते जमण्याआधीच हात-पाय शिकवले तर माणूस काठाला धरून चार दिवस पाय आपटतो आणि मग यायचा बंद होतो. जाताना मनाशी एकच धरून जातो, की आपल्या अंगात हिंमतच नाही. लातूर असो, नांदेड असो की परभणी, उन्हाळी वर्गातून असं परत गेलेल्या प्रत्येकाला मला सांगायचं आहे की यात हिंमतीचा संबंध फार थोडा आहे. तुम्हाला शिकवण्याचा क्रम उलटा होता.

अंगात काय होतं

मेंदूच्या आत अमिग्डाला नावाचा एक छोटा भाग आहे. धोक्याची चाहूल लागताच तो विचार करणाऱ्या मेंदूच्या आधी कामाला लागतो. छाती धडधडते, श्वास वरच्या वर आणि भरभर चालतो, स्नायू ताठ होतात. साप दिसल्यावर पळायला हे फार उपयोगी आहे. पाण्यात मात्र यातली प्रत्येक गोष्ट उलटी पडते. श्वास वरवर चालला की फुफ्फुसं पुरती भरत नाहीत आणि अंग कमी तरंगतं. घाबरलेला माणूस उभा राहायला बघतो, मान वर काढतो, हात पाण्याबाहेर फेकतो, आणि बाहेर काढलेलं सगळं वजन उरलेल्या अंगाला खाली दाबतं. म्हणजे "मी पाण्यात उतरलो तर बुडेन" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्या अवस्थेत तो खरंच बुडू शकतो. म्हणून त्याला "काही होत नाही, ये रे" म्हणण्यात अर्थ नसतो.

भरभर श्वासाचा आणखी एक परिणाम आहे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. काठावर बसल्या-बसल्याच हे झालं की माणसाला वाटतं आपला जीव जातोय. श्वास संथ केला की काही मिनिटांत ते ओसरतं. हे आधी सांगून ठेवलेलं असेल तर अर्धं ओझं तिथेच उतरतं.

ही भीती सहा महिन्यांहून जास्त काळ टिकली, खऱ्या धोक्याच्या मानाने फार मोठी असली आणि रोजच्या जगण्यात आडवी येऊ लागली, तर मानसोपचारात तिला विशिष्ट फोबिया म्हणतात. डोक्यावरून तांब्या ओतून घेता न येणं, पुलावरून एसटी जाताना डोळे मिटून बसणं, ही त्याची साधी लक्षणं.

ती येते कुठून

कधी एखादा प्रसंग असतो. लहानपणी विहिरीत पडणं, नदीत पाय घसरणं, घरातलं कुणी बुडून जाणं. पण पुष्कळांना असा एकही प्रसंग आठवत नाही आणि तरी भीती असते. माणूस दुसऱ्याची भीती पाहूनसुद्धा घाबरायला शिकतो. सुझन मिनेका या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेतच वाढलेली, साप न पाहिलेली माकडं सापाला भीत नव्हती. दुसरी माकडं सापाला घाबरताना त्यांनी पाहिली, आणि तीही घाबरू लागली. आपल्याकडे लेकरू विहिरीच्या कठड्याकडे सरकलं की आईचा चेहरा कसा होतो ते आठवा. "हिरीकडं जाऊ नको, आसरा ओढतेत" (आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता) हे वाक्य मराठवाड्यातल्या कित्येक घरांत दोन-तीन पिढ्यांनी ऐकलं आहे. त्या आईचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कठडा नसलेल्या, साठ-सत्तर फूट खोल विहिरीजवळ राहणाऱ्या बाईकडे लेकरू वाचवायचा तोच एक उपाय होता. फक्त लेकरू मोठं झाल्यावर ती भीती काढायचं काम कुणाचंच नव्हतं.

आणखी एक कारण या मातीचं आहे. भीती कमी व्हायला पाणी तर लागतं. जुनी पिढी भरलेल्या विहिरीत पवायला शिकली. मग बोअर खोल गेले, विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवू लागल्या. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. त्या वर्षांत वाढलेल्या मुलांनी पाणी टँकरमध्ये, टाकीत आणि घागरीत पाहिलं. ती आता वीस-पंचवीस वर्षांची आहेत. छातीभर पाण्यात उभं राहायची संधीच त्यांना मिळालेली नाही, आणि ज्याची सवय नाही त्याचं भय वाटणं साहजिक आहे.

बायांचं तर आणखी वेगळं. विहिरीवर रोज जाणारी आणि विहिरीत कधीच न उतरलेली बाई एकच असते. दुष्काळात तळाचं पाणी तांब्याने भरायला ती खाली उतरलीही असेल, पण पवायला नाही. मुलगे सूर मारायचे, मुटके मारायचे. मुलींनी काठावर धुणं धुवायचं. चाळिशीतली बाई "मला पाण्याचं भ्याव वाटतं" म्हणते तेव्हा त्यात तिला कधीच न मिळालेल्या सरावाचा वाटा मोठा असतो. बायांसाठी वेगळी वेळ, बाई प्रशिक्षक आणि अंगभर पोहण्याचा पोशाख, एवढं जुळून आलं तर त्या पुरुषांच्या मागे राहत नाहीत.

ती जात का नाही

नाथषष्ठीला पैठणला सगळं घर गोदावरीत उतरतं आणि एक जण कपडे-चपला सांभाळायला पायऱ्यांवर बसतो. दर वर्षी तोच. त्याने "मी बसतो" म्हटलं की त्याच्या छातीवरचं ओझं लगेच उतरतं, आणि ते उतरणं हेच भीतीचं खाद्य आहे. मेंदू नोंद करतो, पाण्यात गेलो नाही म्हणून वाचलो. पाण्यात गेलो असतो तर काय झालं असतं, हे तपासायची वेळच येत नाही. टाळणं जितकं सोपं होत जातं, तितकी भीती मुरत जाते.

ती सोडवायची कशी, हे समजायला 1924 साल मोठं उपयोगाचं आहे. त्या वर्षी रशियात लेनिनग्राडला महापूर आला आणि शास्त्रज्ञ इव्हान पावलोव यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी चढत गेलं. शेवटी त्यांना पाण्यातून पोहत बाहेर काढावं लागलं. नंतर दिसलं की काही कुत्र्यांवर परिणामच झालेला नव्हता, तर काही इतकी हादरली होती की शिकलेल्या सवयी विसरून गेली. त्यातलं एक सावकाश बरं झालं. मग पावलोव यांनी दाराखालून खोलीत थोडंसं पाणी येऊ दिलं. तेवढ्या ओघळाने कुत्रं पुन्हा आधीच्या अवस्थेत गेलं.

त्याच वर्षी अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या एका लहान मुलाविषयी लिहिलं. पीटर सशाला घाबरायचा. त्याला आवडीचं खायला देऊन ससा पिंजऱ्यात घालून दूर ठेवला जायचा. मग थोडा जवळ, मग आणखी जवळ, मग पिंजऱ्याबाहेर. शेवटी पीटर सशाला हात लावून खेळू लागला. 1950 च्या दशकात मानसोपचार तज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी याच वाटेने मोठ्या माणसांसाठी पायरी-पायरीची पद्धत बसवली. आजही विशिष्ट भीतीवर सर्वात भरवशाचा उपचार हाच मानला जातो: सुरक्षित जागी, थोडं-थोडं, पुन्हा पुन्हा सामोरं जाणं.

पावलोवच्या कुत्र्याने एक गोष्ट दाखवली. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी आठवण तयार होते, आणि दोघींपैकी कोणती वर येईल हे जागा, वेळ आणि सराव ठरवतात. शेतात नवा रस्ता झाला तरी जुनी चाकोरी लगेच बुजत नाही, चार पाऊसकाळ नव्या रस्त्याने गाड्या गेल्या की हळूहळू बैल आपसूक नव्याच रस्त्याला लागतात, तसं हे आहे. म्हणून एका धाडसाने भीती जात नाही. नवी आठवण पुन्हा पुन्हा घडवावी लागते.

ढकलून देण्याबद्दल

"आम्हाला तर मामानं हिरीत ढकलून दिलं, तिसऱ्या दिवशी पवायला लागलो," असं सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. ते खरंही असतं. पण त्याच मामाने ढकललेला दुसरा भाचा आयुष्यभर पाण्यापासून लांब राहतो, आणि तो पारावर बसून ते सांगत नाही. ढकललं की माणसाच्या हातात काही उरत नाही. सुटका आपल्या करण्याने झाली की नशिबाने, हे अंगाला कळत नाही. ज्याला आधीच भीती आहे त्याला ढकलणं हा शुद्ध अन्याय आहे, आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

खरं तर जुन्या रीतीत ढकलण्यापलीकडे बरंच काही होतं, तेवढं लोक सांगत नाहीत. कमरेला दोर बांधलेला असायचा. पाठीवर वाळलेला भोपळा, पत्र्याचा रिकामा डबा किंवा पांगाऱ्याचा हलका ओंडका असायचा. खाली पाण्यात काका किंवा थोरला भाऊ आधीच उतरलेला असायचा. मग काही दिवसांनी दोर सैल व्हायचा, डबा निघायचा. वोल्पेंची पायरी-पायरी ती हीच. बारवेत तर पायऱ्या पाण्यापर्यंतच काय, पाण्याखालीही जातात. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं, किती पाण्यात उभं राहायचं हे माणूस स्वतः ठरवू शकतो. वालूरची किंवा चारठाण्याची बारव पाहताना मला हे नेहमी जाणवतं. आज तिथे पोहायला जावं असं मी सुचवत नाही, त्या वास्तू जपायच्या आहेत. पण शिकण्याची जागा निवडताना निकष तोच लावावा: पायऱ्या आहेत का, छातीएवढं पाणी आहे का, तळ पायाला लागतो का, आणि शेजारी पोहता येणारं माणूस आहे का. म्हणजे व्यवहारात, उथळ भाग असलेला तरण तलाव.

सुरुवात घरून

बादलीत किंवा घमेल्यात कोमट पाणी घ्या. कोमटच, कारण गार पाणी अंगावर पडलं की माणूस आपोआप "हाऽ" करून श्वास ओढतो. ती भीती नसते, कातडीची प्रतिक्रिया असते, पण घाबरलेल्याला दोन्ही सारखेच वाटतात. तोंड मिटून नाकाने "म्म्म" असा आवाज काढत चेहरा पाण्यात घाला. नाकातून हवा बाहेर येत असेल तोवर पाणी आत शिरत नाही. नाकातोंडात पाणी जाण्याचं भय हे बहुतेकांच्या भीतीचं मूळ असतं, आणि त्याचा उपाय इतका साधा आहे. आवाज बंद व्हायच्या आत चेहरा वर काढा. कंटाळा येईपर्यंत रोज करा. कंटाळा येणं ही इथे चांगली खूण आहे.

सोबत एक वही ठेवा. उतरण्याआधी लिहा: काय होईल असं वाटतंय, आणि भीती दहापैकी किती. "चेहरा पाण्याखाली गेला की श्वास कोंडून मरेन, नऊ." करून झाल्यावर लिहा, प्रत्यक्षात काय झालं. अपेक्षा आणि अनुभव यांतलं अंतर डोळ्यांना दिसलं की नवी आठवण पक्की बसते.

तलावात उतरल्यावर

तीन गोष्टी आधीच माहीत असाव्यात, कारण त्या न सांगता झाल्या की माणूस दचकतो. पहिली, प्रकाश पाण्यात वाकतो म्हणून तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो. चार फूट पाणी तीन फूट वाटतं. पाय ठेवायला जावं तर तळ लवकर लागत नाही. दुसरी, पाणी आपलं वजन उचलतं. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर साधारण निम्मा भार उरतो, मानेएवढ्या पाण्यात जवळपास दहावा हिस्सा. पायांखालची जमीन गेल्यासारखं वाटतं ते यामुळे. तिसरी, छातीपर्यंत पाणी आलं की त्याचा दाब बरगड्यांवर पडतो आणि श्वास घ्यायला थोडा जोर लागतो. गुदमरणं आणि हा दाब वेगळे आहेत. काठाला धरून, तोंडाने श्वास घेत, नाकाने सावकाश सोडत तिथे नुसतं उभं राहा. त्या दिवशी तेवढंच केलं तरी चालेल.

मग येतो माझा सर्वात आवडता प्रयोग. छातीभर पाण्यात, प्रशिक्षक शेजारी असताना, फुफ्फुसं भरून श्वास घ्या, दम धरा आणि तळावर बसायचा प्रयत्न करा. बसता येत नाही. पाणी वर ढकलतं. भरलेल्या फुफ्फुसांनिशी बहुतेक माणसांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, त्यामुळे बुडायला कष्ट पडतात. "पाणी मला खाली ओढतं" असं आयुष्यभर मानलेल्या माणसाला हे अंगाने कळतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो. शंभर वेळा समजावून जे होत नाही ते इथे होतं.

उताणं तरंगताना कान पाण्यात जाऊ द्या. आवाज बंद झाल्यासारखा होतो, त्याने दचकू नका. डोकं चार-पाच किलोचं असतं. ते वर काढलं की कंबर खाली जाते. हनुवटी आभाळाकडे, छाती वर, श्वास भरलेला. सडपातळ, पिळदार माणसांचे पाय खाली जातात, तो दोष नाही, हातांनी हलकं वल्हवलं की भागतं.

उभं राहणं याहून महत्त्वाचं. हनुवटी छातीकडे आणा, गुडघे पोटाशी घ्या, तळवे खाली दाबा, पाय तळाला लागू द्या, मग ताठ व्हा. अनेकांची खरी भीती "पाण्यावर पडलो तर परत उभं राहता येईल का" ही असते. हे एक कौशल्य हातात आलं की पाण्यातून बाहेर पडायची किल्ली स्वतःकडे येते. ते इतक्या वेळा करावं की विचार करावा लागू नये.

शिकवणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. "हात सोडतोय" असं सांगूनच हात सोडा. न सांगता सोडून नंतर "बघा, आपोआप तरंगलात" म्हणणं मला अजिबात पटत नाही. त्याने एक दिवस जिंकता येतो आणि विश्वास जातो. शिकणाऱ्याने थांब म्हटलं की थांबावं, पण लगेच पाण्याबाहेर काढू नये. एक पायरी मागे, कमरेएवढ्या पाण्यात यावं आणि भीती ओसरेपर्यंत तिथेच उभं राहावं. भीतीच्या ऐन टोकावर बाहेर पडलं की मेंदू पुन्हा तोच जुना हिशेब मांडतो. ट्यूब किंवा फ्लोटही सुरुवातीला ठीक. पुढे ते सुटले पाहिजेत, नाहीतर अंग एवढंच शिकतं की ट्यूब होती म्हणून वाचलो.

फिट येणाऱ्यांनी, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी, कानाचा पडदा फाटलेल्यांनी डॉक्टरांना विचारून मगच उतरावं. घरातलं माणूस बुडून गेलेलं असेल, तो प्रसंग स्वप्नात येत असेल, नुसत्या पाण्याच्या आवाजाने थरथर सुटत असेल, तर आधी मानसोपचार तज्ज्ञाला भेटावं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो.

भीती गेली तरी धोका राहतो

तलावात तरंगता आलं म्हणजे नाथसागरात किंवा पुराच्या गोदावरीत उतरता येतं असं नाही. नदीत वाळू उपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात पडतं. शेततळ्याचं मला सर्वात जास्त भय वाटतं. उतरत्या बाजूंवर प्लास्टिकचा कागद असतो, तो ओला झाला की पाय टिकत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथून वर येऊ शकत नाही. शेततळं असेल तर भोवती कुंपण करा, आणि चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा. पोहणं शिकायची ती जागा नव्हेच.

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, तर हाक कुठून मारणार. तोंड पाण्याच्या पातळीशी वर-खाली, हात बाजूंना पाणी दाबताहेत, असं दिसलं की समजावं. उडी मारू नये. दोर, लुगडं, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे मिळेल ते फेकावं. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबायला सुरुवात करावी आणि कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगावं.

शिकून झाल्यावरचं शेवटचं. पावसाळा, खरीप, लग्नसराई यांत सहा-आठ महिने खंड पडला आणि पुन्हा काठावर उभं राहिलं की छाती पहिल्यासारखी धडधडू शकते. नव्या तलावातही तसंच होतं. सगळं वाया गेलं असं समजू नये. बादलीपासून नाही, पण कमरेएवढ्या पाण्यापासून पुन्हा सुरुवात करावी. "म्म्म", मग तळावर बसायचा प्रयोग, मग तरंगणं, मग उभं राहणं. पहिल्या वेळी ज्याला आठवडे लागले ते या वेळी बहुधा एक-दोन दिवसांत परत येतं. शक्य झालं तर पहिल्याच उन्हाळ्यात दोन-तीन वेगवेगळ्या तलावांत उतरून घ्यावं, म्हणजे नवी आठवण एकाच जागेला बांधलेली राहत नाही.